लाइन आहे का?

ऑक्सफर्डच्या त्या भल्यामोठ्या इंग्रजी डिक्शनरीत बरीच वर्षं 'सेट' ह्या शब्दाची नोंद सगळ्यात लांब होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तरी पहिला नंबर त्याचाच. मग संपादक मंडळी नव्या आवृत्तीसाठी 'रन' ह्या शब्दाला भिडली आणि सहाशेच्या वर अर्थ हाती लागले. तेही नुसत्या क्रियापदाचे! सेट बिचारा मागे पडला.

हे सगळं ठीक आहे, पण ऑक्सफर्डवाल्यांनी एकदा नंदुरबार जिल्ह्यात यायला हवं. आमच्याकडे ना सेट चालतो ना रन. आमच्याकडे चालते 'लाइन'.

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा एका संध्याकाळी रूमवर अंधार झाला आणि मी सवयीने म्हटलं, "लाइन गेली." रूममेट पक्का दादरचा. तो म्हणाला, "कुठली लाइन? वेस्टर्न की सेंट्रल?" त्याच्या मते जाते ती लाइट. मला ते पटेना. अरे, लाइट म्हणजे बल्ब. बल्ब कुठे गेलाय? तो आपला तिथेच लटकतोय. गेली ती लाइन! ह्यावर आम्ही अंधारात अर्धा तास भांडलो. (बॅचलर रूमवर ह्याहून फालतू विषयांवर भांडणं होतात, हे अनुभवी वाचक मान्य करतील.)

पण तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला तो बसलाच. गावी गेलो की मी मनातल्या मनात मोजायला लागलो. शहाद्याजवळचं आमचं गाव, सकाळी साडेसात-आठची वेळ, पारावर चारपाच माणसं. अर्ध्या तासात कानावर काय काय पडतं बघा.

"रात्री लाइन बाराला आली नि पहाटे गेली." ही वीज.
"केळीत पाणीच नाही पोचलं, लाइन फुटली." ही पाइपलाइन.
"रेशनला लाइन लागली, लवकर जा." ही रांग.
"मघापासून लावतोय, त्याची लाइनच लागत नाही." हा फोन.
"प्रकाशा लाइनला आज गाड्या कमी आहेत." हा जीपवाल्यांचा रूट.
"पोराला कोणत्या लाइनला टाकलं?" हे शिक्षण. उत्तर: "इंजिनियरिंग लाइनला."
"लग्न झाल्यावर लाइनवर आला गडी." म्हणजे सुधारला.
"पोलीस लाइनीतला आहे तो." म्हणजे पोलिसांच्या क्वार्टर्समध्ये राहणारा.
आणि "तो तिला लाइन मारतो" ह्याचा अर्थ काय ते मी सांगायची गरज नाही :-)

मोजून नऊ. गंमत म्हणजे कुणाचाही गोंधळ होत नाही. अहिराणीत एखादी आजी नुसतं "लाइन शे का?" म्हणते, तर पीठ गिरणीच्या दारात त्याचा अर्थ वीज आहे का, आणि बँकेच्या दारात गर्दी आहे का. आम्ही कॉलेजात सी प्लस प्लस शिकताना फंक्शन ओव्हरलोडिंग नावाचा प्रकार होता. नाव एकच, पण तुम्ही कंसात काय देता त्यावर कुठलं फंक्शन चालणार ते ठरतं. सरांनी ते समजावायला दोन लेक्चर घेतली. आमच्या आजीला ते जन्मतःच येत होतं.

इथे कंसाचं काम बहुतेक वेळा क्रियापद करतं. येते-जाते ती वीज. फुटते ती पाण्याची. धरतात आणि सोडतात ती धंद्याची. मारतात आणि देतात ती प्रेमाची. ओढतात ती तारेची. खांबावर नवीन तार टाकायची असेल तर "लाइन ओढायला माणसं आलीत" असं म्हणतात.

आता कुणी म्हणेल, मराठीत शब्द नव्हते का? होते की! रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी, शीव. ढीगभर. आणि ते कुठे गेलेलेही नाहीत. वहीवर आपण अजून रेघच मारतो. कवितेच्या ओळीच असतात. हातावर रेषा असते. मुंग्यांची रांग असते, मुंग्यांची लाइन म्हटलं तरी चालतं, पण मुंग्या जरा शहरी वाटतात. मग लाइन कशाला लागली?

मूळ इंग्रजी शब्द फार घरगुती आहे. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. तोच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीवर घेतो. त्याच्या काडीच्या धाग्यापासून लिननचं कापड होतं आणि त्या धाग्याला म्हणायचे 'लिनिया'. ती झाली 'लाइन'. म्हणजे लाइन म्हणजे मुळात दोरा. आमच्याकडचा गवंडी भिंत सरळ यावी म्हणून जी दोरी ताणतो तिला तो लाइनदोरी म्हणतो. अर्थ लावायला गेलं तर दोरीदोरी. जवसाच्या धाग्याला तब्बल दोन हजार वर्षांनी शहाद्याच्या बांधकामावर पुन्हा दोरी भेटली, असं म्हणायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर लाइन हा शब्द आमच्याकडे रेघेची जागा घ्यायला आलाच नाही. तो वेगळ्याच वस्तूंबरोबर आला. रूळ, तार, नळ, रेशनचं दुकान. ह्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. रेघेची दोन्ही टोकं तुम्हाला दिसतात, कारण ती तुम्हीच मारलेली असते. लाइनचं एकच टोक तुमच्याकडे असतं. दुसरं कुठेतरी लांब, न दिसणाऱ्या माणसाच्या हातात.

पहिली अशी लाइन रेल्वेची. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरत ते भुसावळकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि नंदुरबार, नवापूर नकाशावर ठळक झाले. हा मार्ग एकेरी होता. क्रॉसिंगला गाडी थांबली की मिरचीच्या पथाऱ्यांवरून येणाऱ्या वाऱ्याने सगळा डबा शिंकायचा. उधना ते जळगाव दुहेरीकरण पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. आमच्या भागातली कितीतरी माणसं ह्याच लाइनने सुरतेला गेली आणि तिथे कापडाच्या नाहीतर हिऱ्याच्या लाइनला लागली. एका लाइनने दुसऱ्या लाइनला.

नवापूर स्टेशन तर ह्या विषयासाठीच बांधलंय असं वाटतं. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा बरोबर स्टेशनातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. प्लॅटफॉर्मवर एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग ह्या राज्यात, अर्धा त्या राज्यात, मध्ये रंगाची रेघ. लोक तिथे बसून फोटो काढतात. ह्या रेषेने कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून तिची गंमत वाटते. सगळ्या रेषा इतक्या गरीब नसतात. त्याच्याकडे येतो, पण आधी अप्पांबद्दल सांगतो.

आमचे अप्पा वीज मंडळात लाइनमन. (गावात सगळे वायरमनच म्हणायचे. तेही अप्पांना आवडायचं नाही. "वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात असते, खांबावर लाइन असते.") शहादा, तळोदा, मोलगी अशा त्यांच्या बदल्या. त्यामुळे आमच्या घरात लाइन हा शब्द बाकीच्या घरांपेक्षा जरा जड होता. "लाइनवर गेलेत" म्हणजे अप्पा खांबावर आहेत. आई तेवढा वेळ रेडिओसुद्धा लावायची नाही.

शेतीची लाइन म्हणजे थ्री फेज. ती चोवीस तास कधीच नसायची. आठवडा वाटून दिलेला, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बारा-एकला उठून बॅटरी घेऊन केळीत नाहीतर उसात जाणार, मोटार चालू करणार. पायाखाली साप, उसात बिबट्या. त्यात कुणी आकडा टाकलेला असला की डीपीवर लोड यायचा आणि फ्यूज उडायचा. मग रात्री दोन वाजता आमच्या दारावर थाप. "अप्पा, लाइन बंद आहे हो!"

इथे त्या शब्दाचा खरा घोळ आहे. "लाइन बंद आहे." शेतकऱ्याच्या तोंडी ही तक्रार. लाइनमनच्या तोंडी हाच दिलासा. लाइन बंद आहे, म्हणजे चढायला हरकत नाही. शब्द तेच, वाक्य तेच. एकासाठी पीक वाळतंय, दुसऱ्यासाठी जीव शाबूत आहे.

अप्पा दारावर आलेल्या कुणाच्या "लाइन बंद आहे" वर कधीच खांबावर चढले नाहीत. आधी सबस्टेशनला जाऊन किंवा फोनवरून ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं. नंबर, वेळ, सही. मग एबी स्विच खाली ओढून त्याला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. मग चाचणी. आणि मग अर्थिंग. म्हणजे लांब दांड्याने तिन्ही तारांना साखळ्या अडकवायच्या आणि साखळीचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायचं. चुकून कुठून करंट आलाच तर तो माणसातून न जाता जमिनीत जावा. ह्या सगळ्याला वीस मिनिटं जातात. खाली चाळीस माणसं ओरडत असतात, पाऊस असतो, आणि बरेच जण ती वीस मिनिटं वाचवतात. दरवर्षी पेपरात एकदोन बातम्या येतात त्या वाचवलेल्या वीस मिनिटांच्या असतात.

२००३ चा मे महिना. वळवाचं वादळ झालं आणि एका गावाबाहेर अकरा केव्हीची तार खांबावरून सुटली. मी नववीची परीक्षा देऊन रिकामा, म्हणून डबा द्यायला सायकलवर गेलो होतो. अप्पा वर, हेल्पर खाली, मी लिंबाखाली. परमिट घेतलेलं, स्विच उघडलेला, साखळ्या लावलेल्या. ऑपरेटरने सांगितलं होतं, लाइन बंद आहे. ते शंभर टक्के खरं होतं.

त्याच गावात त्या दिवशी लग्न होतं. मांडवात अंधार नको म्हणून कुणीतरी भाड्याने जनरेटर आणला आणि मेन स्विच न काढता घराच्या बोर्डालाच जोडून दिला. आता डीपी जसा अकरा हजार व्होल्टचे दोनशे तीस करतो, तसा तो उलट्या बाजूने दोनशे तिसाचे अकरा हजारही करतो. त्याला दिशा कळत नाही. जनरेटरची वीज घरातून डीपीत, डीपीतून वर, आणि वर अप्पा.

साखळीपाशी जमिनीजवळ ठिणगी उडाली आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. गावातला जनरेटर घुसमटून बंद पडला. बस, एवढंच. अप्पा दोन मिनिटं वरच थांबले, मग उरलेलं काम केलं आणि खाली आले. हेल्परचे हात थरथरत होते. अप्पांनी डबा उघडला आणि मला म्हणाले, "भाजी कसली दिली रे?"

मला ते तेव्हा काही कळलं नव्हतं. संध्याकाळी मी विचारलं, "अप्पा, ऑपरेटरने खोटं सांगितलं होतं का?"

"नाही रे. त्याच्या टोकाला लाइन बंदच होती."

"मग?"

"लाइनला टोकं किती असतात ते त्याला काय माहीत? मलापण नव्हतं माहीत. म्हणून तर साखळी लावायची असते."

एवढं बोलून ते झोपले. आईने त्या रात्री दोनदा उठून त्यांच्याकडे बघितलं, हे मला माहीत आहे, कारण मीपण जागा होतो.

पुढे अप्पांची बदली मोलगीला झाली, सातपुड्यात. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत डोंगर असा की एक पाडा ह्या टेकडीवर तर दुसरा समोरच्या. हाक मारली तर ऐकू जाते, चालायला दीड तास लागतो. चार घरांसाठी खांब कुठून कुठे न्यायचे? सुटीत मी तिथे गेलो तेव्हा पहिल्यांदा पाहिलं की आमच्याच जिल्ह्यात अशीही माणसं आहेत ज्यांची लाइन जात नाही, कारण ती आलेलीच नाही.

पण दुसरी एक लाइन त्यांच्याकडे केव्हाच आली होती. सरदार सरोवराची. नर्मदा जललवादाने १९७९ साली निवाडा दिला आणि धरणाची पूर्ण पातळी ठरली ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर. हा आकडा नकाशावर एक काँटूर लाइन होऊन डोंगराडोंगरांतून फिरतो. सर्व्हेवाले आले, मोजमाप झालं. रेषेच्या खाली तो बुडीत, वर तो नाही. घर वर आणि शेत खाली असलं तर वेगळा हिशोब. चारी बाजूंनी पाणी येऊन शेताचं बेट झालं तर आणखी वेगळा. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या रेषेत आली, सगळी आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांतली. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात घरं पाण्यात गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्ट, आंदोलन, उंचीची एकेक पायरी : २००० साली ९० मीटरला परवानगी, २००६ साली १२१.९२ पर्यंत, २०१७ साली लोकार्पण, आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ ला टेकलं. ठरल्यापासून चाळीस वर्षांनी. नकाशावरच्या रेघेवर पाणी येऊन उभं राहायला मधली एक अख्खी पिढी गेली. ती पिढी त्या रेघेकडे बघतच म्हातारी झाली.

त्या धरणावर १४५० मेगावॅट वीज तयार करायची सोय आहे. विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. ग्रिडमध्ये सगळीकडची वीज एक होते, त्यामुळे कुठल्या बल्बात कुठल्या धरणाची वीज आहे हे सांगता येत नाही. पण एवढं सांगता येतं की ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांच्यातल्या अनेक पाड्यांवर विजेचे खांब पाण्यानंतर कितीतरी वर्षांनी पोचले. काही ठिकाणी त्याआधी सोलरचे दिवे आले, ते बिघडले, मग पुन्हा चिमणी. अप्पा ह्यावर फार बोलायचे नाहीत. सरकारी नोकर माणूस. एकदाच म्हणाले होते, "पाण्याची लाइन अर्ज न करता आली. आमच्या लाइनला अर्जावर अर्ज."

अशा कागदावरच्या लाइनी आमच्या जिल्ह्याने बऱ्याच पाहिल्यात. दारिद्र्यरेषा घ्या. २०११-१२ साली देशाच्या ग्रामीण भागासाठी ती होती माणशी महिना ८१६ रुपये. तेंडुलकर समितीची पद्धत, दिल्लीत केलेलं गणित. ८१५ वाला गरीब, ८१७ वाला गरीब नाही. आमच्याकडे रेषा कुणी म्हणत नाही, "पिवळं कार्ड आहे का?" विचारतात. आणि ते मिळावं म्हणून माणूस रेषेच्या खाली असल्याचं सिद्ध करायला तालुक्याला चार खेपा घालतो. एरवी कुठल्याही रेषेच्या वर जायची माणसाची धडपड. ही एकच अशी, जिच्या खाली जागा मिळावी म्हणून रांग लागते. लाइनच्या खाली जायला लाइन!

आणि सगळ्यात नवीन अर्थ म्हणजे 'ऑनलाइन'. हा शब्द देशभर पोचला असेल, पण त्यातला एक मोठा मुहूर्त आमच्या शहादा तालुक्यात झाला. २९ सप्टेंबर २०१० ला टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि रंजना सोनवणे ह्यांना देशातला पहिला आधार क्रमांक दिला. आता रेशनसाठी मशीनवर अंगठा लावायचा, अंगठा सर्व्हरकडे जाणार, तिकडून हो आलं की धान्य. सपाटीवरच्या गावात हे बऱ्यापैकी चालतं. डोंगरातल्या दुकानात रेंज नसली की सगळी लाइन ऑनलाइनची वाट बघत उन्हात उभी. त्यात ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या माणसाच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनला त्या वाचताच येत नाहीत. हातावरच्या रेषांवर नशीब लिहिलेलं असतं असं म्हणतात. इथे निदान महिन्याचं धान्य तरी लिहिलेलं आहे.

आमच्याकडे 'ऑनलाइन' हे आता क्रियापदासारखं वापरतात. "उताऱ्याचं ऑनलाइन केलं का?" "पोरीच्या स्कॉलरशिपचं ऑनलाइन झालं का?" म्हणजे काय, तर तालुक्याच्या गावी जाऊन झेरॉक्सच्या दुकानात पन्नास-शंभर रुपये देऊन दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेणे. घरबसल्या काम व्हावं म्हणून केलेल्या गोष्टीसाठी जीपचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. डिक्शनरीत ह्या शब्दाचा अर्थ बघा आणि इथला बघा.

आता माझी लाइन. मी ज्या लाइनला आहे तिथे सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'डेडलाइन'. दर शुक्रवारी आमचा जीव त्यात अडकलेला असतो. ह्या शब्दाचा जन्म मात्र खराखुरा मरणाचा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक रेषा आखलेली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. ती डेडलाइन. आम्ही एसी मध्ये बसून, कॉफी पीत तो शब्द वापरतो. मॅनेजर म्हणतो, "गाइज, डेडलाइन आहे," आणि कुणी मरत नाही, फार तर शनिवार जातो.

मागच्या वर्षी एका प्रोजेक्टवर होतो. कुठला, कुणाचा, ते राहू द्या. लोकांनी मोबाइलवरून अर्ज करायचे, ओटीपी यायचा, तीस सेकंदांत टाकायचा, वगैरे. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "नेटवर्क मध्येच गेलं तर भरलेला फॉर्म राहतो का?" उत्तर आलं, "ती एज केस आहे. पुढच्या रिलीजला बघू."

एज केस! म्हणजे कडेची, क्वचित होणारी गोष्ट. मला धडगावची टेकडी दिसली, जिथे रेंजसाठी ठराविक एका दगडावर उभं राहावं लागतं. तिथे नेटवर्क मध्येच जाणं ही कडेची गोष्ट नाही. नेटवर्क येणं ही कडेची गोष्ट आहे. आणि तेव्हा हेही जाणवलं की आयुष्यभर ज्या दुसऱ्या टोकाबद्दल आम्ही बोलत आलो, सबस्टेशनमधलं, दिल्लीतलं, नकाशा काढणाऱ्याचं, ते टोक आता माझ्या हातात आहे. मी त्या पारावर बसलेलो नाही. पारावरच्या माणसाला न दिसणारा, हिंजवडीत बसलेला माणूस तो मीच.

मी मीटिंगमध्ये नंदुरबारचा नकाशा उघडला. पाचेक मिनिटं बोललो असेन. आमची लीड बेंगळुरूची, तिला नंदुरबार माहीत नव्हतं, पण ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "किती दिवसांचं काम आहे?" मी म्हटलं, सहा. फॉर्म फोनमध्येच साठवायचा, रेंज आली की आपोआप पाठवायचा, ओटीपीची मुदत वाढवायची. सहा दिवस म्हणजे डेडलाइन हलते. खूप घासाघीस झाली. शेवटी फॉर्म साठवण्याचे चार दिवस मिळाले. ओटीपीचे दोन दिवस नाही मिळाले, सिक्युरिटीवाल्यांनी हरकत घेतली आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. तो मुद्दा अजून बॅकलॉगमध्ये पडून आहे. दर दोन आठवड्यांनी प्लॅनिंग असतं तेव्हा मी तो वर आणतो आणि तो पुन्हा खाली जातो.

अप्पा २०१६ साली रिटायर झाले. फोन केला की त्यांना माझ्या कामात फार रस असतो, कळत काहीच नसलं तरी. ह्या चार दिवसांबद्दल सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तिकडून लाइन गेली तरी इकडचं काम वाया जाणार नाही?"

"हो, तसंच."

"आणि उरलेले दोन दिवस?"

म्हटलं, मागतोय.

"मागत राहा. आम्हीसुद्धा एका पाड्याच्या सहा खांबांसाठी दोन वर्षं कागद पाठवत होतो. ते काय एकदा मागून मिळतात होय?"

पुढचं प्लॅनिंग मंगळवारी आहे. ओटीपीचं कार्ड मी आत्ताच पुन्हा यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवलंय.